चाळीस कट्टे

तू नवऱ्याला देणार म्हणालीस.
बस की इथं बाकावर, रिपोर्टला तास जाईल.
मी भावाला दिली, गेल्या उन्हाळ्यात.
बालामणी माझं नाव. विडी घरकुलला राहते.
बोलताना तेलुगू मधीच येईल, सांभाळून घे.

डॉक्टर सगळं सांगतील,
टाके किती, पाणी किती, ओझं कधी उचलायचं.
कमिटीवाले विचारतील, कॅमेऱ्यासमोर,
कुणाचा दबाव हाय का?
मी नाही म्हणलं. खरंच नव्हता.
भीती हाय का, असं कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर मी तिथंच रडले असते
आणि तरी दिलीच असती.

मग बघ,
भावाच्या खाटेजवळ शहाळी, सफरचंदं,
त्याचे मेहुणे, टॉवेल कारखान्यातली चार पोरं.
माझ्या खाटेजवळ सलाईनचा स्टँड.
त्याच्या क्रिएटिनिनचा आकडा अख्ख्या गल्लीला पाठ,
आजबी पानवाला सांगेल.
माझा मलाच फाइल उघडून बघावा लागतो.

बाया म्हणायच्या, देवी हाईस गं तू.
देवीला कोण विचारतंय, रात्री झोप लागली का?
सासू म्हणली, आमच्या घरची वस्तू माहेरी दिलीस.
वस्तू.
नवरा काय बोलला नाही. टीव्हीचा आवाज वाढवला.

रात्री कुशीवर वळताना हात तिथं जायचा,
दाराला कडी घातली का बघायला उठतो ना आपण, तसा.
वाईट वाटायचं म्हणावं तर तेबी नाही.
काहीच वाटायचं नाही,
भावाला बरं वाटतंय म्हणल्यावरबी नाही.

वेंकटेश यायचा, उंबऱ्यापर्यंत.
अक्का म्हणायचा आणि स्वतःच्या चपलांकडं बघायचा.
आधी आम्ही आमटीतल्या मिठावरनं भांडायचो.

आता पाण्याचं सांगते.
आमच्याकडं नळ पाचव्या दिवशी,
रात्री दोनला, कधी तीनला.
आणि मला तीन महिने हंडा उचलायचा नाही.
दोनला दार उघडलं तर सलमाबी उभी,
साडीवर नवऱ्याचा शर्ट, हातात तिचीच बादली.
"तू बॅटरी धर," म्हणली. "तेवढं कर."
तीन महिने मी बॅटरी धरली.
किडनीचं तिनं एकदाबी काढलं नाही.
बॅरल भरला की पायरीवर बसायची,
"आज कुठं दुखतंय?"
मी सांगायची. आधी पोटाचं.
मग हळूहळू बाकीचं.

आणि विड्या.
मांडीवर सूप घेऊन बसलं की टाका ओढायचा.
हजाराच्या जागी चारशे व्हायच्या.
माल कमी भरला तर कार्ड जाणार, फंड जाणार.
रांगेत उभी होते, तोंड उतरलेलं.
मागनं नरसव्वानं सुपात एक कट्टा टाकला.
पुढनं यल्लुबाईनं दोन.
कुणी काय बोललं नाही, आभाळाकडं बघायल्या होत्या सगळ्या.
खिडकीशी मोजले, चाळीस.
त्यातले माझे सोळा.
विडीच्या तोंडाचा मोड बघून कळतं गं, कुणाचं बोट हाय.
मुनीमलाबी कळलं असणार.
त्यानं शिक्का मारला.

मागच्या रविवारी वेंकटेश मास्क लावून आला.
तंबाखूच्या धुरळ्यात त्यानं यायचं नाही. मी ओरडले,
मरायचंय का! माझी वाया घालवतोस काय!
तो हसला. ऑपरेशननंतर पहिल्यांदा.
उंबऱ्याबाहेर बसला, ओली पानं मागितली,
पत्र्याचा साचा ठेवून कैचीनं कापत राहिला.
निम्मी पानं वाकडी.
मी म्हणलं, सगळी छाट हाय ही.
तो भांडला.
लई वेळ भांडला.

तुझं नाव पुकारायलेत, जा.
थांब, नंबर लिहून घे.
कधीबी लाव. रात्री दोनला लाव.
नळाच्या वेळेला मी जागीच असते.